जुनं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर रेंजवर नेताय? मग सहा नाही, पाचच गोळ्या

अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीआधी हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने मागे ओढावा लागतो. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे 1873 चं डिझाइन, सिलिंडरमध्ये घरं सहा पण भरायची पाचच, कारण फायरिंग पिन (गोळीवर ठोका मारणारी टोकदार पिन) हॅमरलाच असते आणि हॅमर पूर्ण खाली असला की तिचं टोक थेट प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडाच्या ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीवर, टेकतं, मग रिव्हॉल्व्हर हातातून पडलं किंवा हॅमरवर काही आपटलं तर गोळी सुटू शकते. हॅमरला सेफ्टीची खाच आहे ना असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, धक्क्याने ती खाच तुटू शकते.

आता भरायचं कसं. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरपासून लांब. हॅमर अर्ध्यावर घ्या, बाजूचं गेट उघडा, एक गोळी भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा, गेट बंद करा, मग हॅमर पूर्ण मागे ओढून अंगठ्याने धरून हळूच खाली सोडा, तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. बाजूने बघून खात्री कराच! आधी घरी डमी गोळ्यांवर हात बसवा प्लीज.

रुगर कंपनीने 1973 मध्ये ट्रान्सफर बार (हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) आणला, त्यात ट्रिगर दाबलेला नसेल तर हॅमरचा धक्का पिनपर्यंत पोचतच नाही, म्हणून तिथे सहा भरता येतात. पण त्याआधीचं रुगर असेल आणि बदल करून घेतलेला नसेल तर पाचचाच नियम. आणि खूप जुनं कोल्ट मिळालं तर आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा, सुरुवातीची कोल्ट बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी (ब्लॅक पावडर) बनलेली, आजच्या जोरदार गोळ्या त्यात घालू नका.