पक्षी बघायला किनाऱ्यावर राहायचंय? आधी भरती बघा, मग खोली

दुर्बीण, टोपी, पाणी, पक्ष्यांचं पुस्तक हे तुम्ही घेणारच. स्थलांतराचा हंगाम कोणता तेही ठाऊक असेल. कॉटेज ठरवताना 'समुद्र दिसतो का' असं मात्र विचारू नका, जाहिरातीत तो सगळ्यांकडूनच दिसतो. व्हरांड्याचं तोंड कुठल्या दिशेला, समोर वाळू आहे की चिखल, आणि उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी कुठवर चढतं, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला मालक अडखळला, तर तो स्वतः तिथे फारसा राहत नाही असं खुशाल समजा.

आता तारखा. सगळं घोडं इथेच अडतं.

'पहाटे लवकर उठा' हा सल्ला रानात ठीक आहे. चिखल्या, तुतवार, कोरल ही किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची मंडळी मात्र भरती-ओहोटीच्या तालावर जगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की खायला पांगतात, भरती चढली की काठाकडे रेटली जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सुट्टी बघून चार दिवस ठरवले होते. साडेपाचला व्हरांड्यात हजर! पाणी पार आत गेलेलं आणि त्याच्या कडेला मोहरीएवढे ठिपके. पक्षी जवळ आले ते दुपारी उशिरा, तेव्हा सूर्य थेट डोळ्यांत. वहीत चार दिवस 'तुतवार?' एवढीच नोंद. प्रश्नचिन्हासकट.

म्हणून आधी त्या जागेचं भरतीचं वेळापत्रक उघडा. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सरासरी 50 मिनिटं पुढे सरकते. चार दिवसांच्या मुक्कामात ती अडीच तास सरकलेली असते. समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळी ऊन पाठीमागून येतं, तेव्हा भरती आठ ते दहाच्या मध्ये येईल असे दिवस धरा. समुद्र पूर्वेला असेल तर हेच गणित दुपारनंतरचं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एखाद्या जागी उधाणाची भरती कायम दिवसाच्या साधारण त्याच वेळी येते. अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास आली, तर पौर्णिमेलाही त्याच सुमारास येणार. अशा ठिकाणी सकाळची साडेआठची भरती हवी असेल, तर अमावास्या-पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी जायचं. एकदा हे गणित बसलं की वर्षभराच्या तारखा दहा मिनिटांत निघतात.

'उधाण गाठा, पक्षी पायाशी येतात' असंही कुणी सांगेल. नेहमी नाही! मोठ्या उधाणाला पक्ष्यांची विसाव्याची वाळूच बुडते आणि थवा मिठागरात नाहीतर शेतात निघून जातो. मी असा एक अख्खा सकाळचा वेळ कुंपणावर आपटणाऱ्या लाटा मोजत घालवलाय. उलट भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारासच्या लहान, भरतीला चिखल पुरता झाकलाच जात नाही, मग पक्षी लांबच राहतात. म्हणून तर मालकाला उधाणाचं विचारायचं. माझा कौल मधल्या दिवसांना.

वेळापत्रकातले दोन खड्डे. आकडे बहुधा जवळच्या मोठ्या बंदराचे असतात. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, तो फरक पहिल्याच दिवशी स्वतः टिपून ठेवा. आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, तिथे छापील वेळांत तो तास धरलाय का ते बघा. भूमध्य किंवा बाल्टिक समुद्राकाठी चालला असाल तर हे सगळं विसरा, तिथे बहुतेक ठिकाणी भरती नावापुरतीच असते.

प्रत्यक्षात भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसा आणि हलू नका. पक्ष्यांना तुमच्याकडे येऊ द्या. पाणी चढताना एका पायावर झोपलेला गॉडविट, हा लांब चोचीचा किनारपक्षी, नीट बघा. लाट पायाला लागली की दुसरा पाय खाली न टेकता तसाच लंगडी घालत मागे सरकतो, चोच पाठीतच खुपसलेली.

थव्यातल्या माना एकदम वर झाल्या, पंख साफ करणं थांबलं, की तुम्ही जास्त जवळ गेलात. बसा किंवा मागे या. फोटोसाठी थवा उडवणाऱ्यांशी माझं पटत नाही. भरतीची विश्रांती हीच त्यांची शिदोरी राखायची वेळ. 2022 मध्ये ट्रान्समीटर लावलेला एक कोवळा बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियाला 13,560 किलोमीटर न थांबता गेला. असल्या प्रवासाची चरबी तुमच्या फ्रेमसाठी जाळायची नसते.

खोलीवर आल्यावर भिंगांवरची वाळू आधी फुंकून उडवा, मग ओल्या कापडाने मीठ टिपा. कोरडं घासलंत तर चरे कायमचे. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, आणि झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाच्या भरतीला गजर लावा, पहाटेला नको.