चारचौघांसारखं न वागायचं असेल तर कसं वागायचं (सातारकरांसाठी खास)

सुरुवात फुकटातल्या गोष्टीपासनं करा. घरातनं बाहेर पडताना 'येतो' म्हणायच्या ऐवजी 'जातो' म्हणा, बास, एवढंच. आमच्याकडं आजी मालिका अर्धी सोडून उंबऱ्यापर्यंत आली, मला परत आत घेतलं, बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि 'येतो म्हण आधी' म्हणून वदवून घेतल्यावरच सोडलं. एका अक्षराचा फरक, पण त्यानं अख्खं घर जागं होतं. हा असा नियम आहे जो तुम्हाला कुणी कधी शिकवला नाही, तरी तुम्ही आयुष्यभर पाळताय. असले नियम शोधून काढायचा एकच मार्ग, ते मोडून बघायचे.

हा काही माझ्या डोक्यातला उद्योग नाही हां. अमेरिकेत हॅरॉल्ड गार्फिंकल नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, १९६७ साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात हे सगळं आहे. ते विद्यार्थ्यांना गृहपाठच तसला द्यायचे, की घरी जाऊन पंधरा मिनिटं ते तासभर आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वागा, अदबीनं बोला, विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. घरच्यांनी काय विचारलं असेल? आजारी आहेस का, नोकरीवरनं काढलं का, डोकं फिरलंय का.

मराठीत तर हे अजून सोपं, कारण आपल्याकडं 'तू' आणि 'आपण' आहे. रविवारी दुपारी मी आईला म्हणालो, 'आपली हरकत नसेल तर फ्रीज उघडू का?' आई हसली, 'नाटकं बास कर.' पाच मिनिटांनी मी विचारलं, 'आपण जेवलात का?' मग तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिसऱ्यांदा 'आपली आज्ञा असेल तर' एवढंच म्हणालो तर उलथनं घेऊन उभी, 'काय झालंय ते सांगणार हायस का न्हाईस, बायकोशी भांडलायस व्हय?' हा क्रम लक्षात ठेवा, आधी हसू, मग काळजी, मग राग. राग येतो तो तुम्ही नियम मोडला म्हणून कमी आणि कारण सांगत नाही म्हणून जास्त.

आता मेन गोष्ट. कारण देऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण तोंडातनं आपोआप कारण बाहेर पडतं. १९७० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विद्यार्थ्यांना पाठवलं, की बसलेल्या माणसाला सरळ म्हणायचं, तुमची जागा देता का. काही कारण न देता मागितली तर ६८ टक्के लोकांनी जागा दिली किंवा सरकून करून दिली. आणि 'उभं राहून पुस्तक वाचता येत नाही' असं फुसकं कारण दिलं तर ४२ टक्क्यांच्या आसपास! म्हणजे कारण दिलं की लोक ते तोलतात, नाही दिलं की बिचारे स्वतःच एखादं दणकट कारण शोधून तुमच्या नावावर लावतात. मिलग्रॅम स्वतः गाडीत विचारायला गेला तर शब्द घशात अडकले, आणि जागा मिळाल्यावर मागणी खरी वाटावी म्हणून मान गुडघ्यात घालून बसला, चेहरा पांढरा पडतोय असं त्याला जाणवलं.

मी हे सातारा कोरेगाव एस्टीत केलं. कॉलेजच्या एका पोराला म्हणालो, 'उठतोस का जरा, मला बसायचंय.' स्टँडवर उभं राहून तीन गाड्या सोडल्या तेव्हा कुठं एवढं वाक्य निघालं. पोरगं उठलं आणि म्हणालं, 'काका, बीपी हाय का?' मी चौतीसचा आहे. पण कोरेगाव येईपर्यंत मी खरंच बीपीवाल्यासारखा खिडकीला डोकं टेकवून बसलो, ते पोरगं समोर दांडा धरून उभं होतं ना. खिडकीतनं टाकलेला रुमाल उचलून तिथं बसायचा प्रयोग मात्र करू नका, त्याला प्रयोग नाही, मारामारी म्हणतात.

तर पद्धत अशी. एका वेळी एकच नियम मोडा. हसायचं नाही. मोबाईल काढून शूटिंग तर अजिबात नाही, कॅमेरा दिसला की लोकांना कारण मिळतं ('रील बनवतोय') आणि तुमचा प्रयोग तिथंच संपला. समोरचा पहिल्यांदा काय बोलला ते शब्दाला शब्द लिहून ठेवा, नंतरच्या सारवासारवीत काही नसतं. घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्याच दिवशी खरं सांगून टाका. आणि माणूस बघून करा. कंडक्टर, हॉटेलातला वेटर, मेडिकलच्या काउंटरवरची मुलगी, यांना ड्युटी सोडून जाता येत नाही, त्यांच्यावर करू नका. सुतक असलेल्या घरी चुकूनसुद्धा नाही.

सगळ्या प्रतिक्रिया तोंडावर येत नाहीत हे मला डब्यानं शिकवलं. शेजारच्या घरातनं दिवाळीच्या आधी कडबोळ्यांचा डबा आला होता. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत, काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतात. मी स्वच्छ धुऊन, पुसून, रिकामा दिला. वहिनी 'बरं' म्हणाल्या, हसल्या पण. मग आठ दिवस काही नाही, मग पंधरा दिवस काही नाही, आणि मग संक्रांतीला तिळाच्या वड्या आल्या त्या डब्यात नाही, कागदात! आईनं तो कागद बघून मला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तर वही निदान दोन महिने चालू ठेवा.

आणि लोकांना जेव्हा तुमच्या वागण्याला परवडणारं कारण सापडत नाही, तेव्हा प्रकरण कपाळाला हात लावण्यावर थांबत नाही. सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या की अंगावर शेण पडायचं, म्हणून त्या जादा लुगडं घेऊन जायच्या. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, जेवायची, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती विचारतात त्यात काय विशेष.

माझा सध्या चालू असलेला प्रयोग त्या मानानं लहानच आहे. दिवाळीपासनं सकाळी दारात रांगोळी मी काढतो. शनिवार पेठेतलं घर, रस्त्याला लागून, त्यामुळं लपायची सोय नाही. पहिल्या दिवशी दूधवाला म्हणाला, 'वहिनी गावाला गेल्या का?' दुसऱ्या दिवशी समोरचे काका, 'सूनबाईला बरं नाही का रे?' तिसऱ्या दिवशी फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबून विचारतात, 'नवस बोललायस का काय?' बायको आत चहा पीत सगळं ऐकत होती. माझी वही काढून बघितली तर बाई गावाला, बाई आजारी, देवाचं काम, एवढीच तीन कारणं, आणि 'याला आवडत असेल' हे पहिले वीस दिवस एकालाही सुचलं नव्हतं. आईला सुद्धा नाही, ती फक्त म्हणायची, उजाडायच्या आत उरकत जा.

एकविसाव्या दिवशी समोरच्या काकू झाडू हातात घेऊनच रस्ता ओलांडून आल्या. मी म्हटलं आता चौथं कारण. त्या वाकल्या, बोटानं ठिपके मोजले आणि म्हणाल्या, 'पंधरा ते आठ काढतोयस ना? मग ही ओळ दहाची पायजे, तू नऊच टाकलेस, म्हणून कमळ तिरकं आलंय.'