संथ चालीसाठी डीसीसी इंजिनाची तयारी: गणपतीआधीची यादी

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांसमोर डीसीसीवर, म्हणजे डिजिटल नियंत्रणावर, चालणारे एचओ मापाचे (१:८७) मॉडेल रेल्वेचे इंजिन फलाटावरून हिसका न देता सुटावे आणि न अडखळता थांबावे, अशी इच्छा असेल तर सीव्हीच्या (इंजिनातल्या डीकोडर चिपमध्ये साठवलेल्या सेटिंगच्या) आकड्यांना सर्वांत शेवटी हात लावावा. आपल्या किनाऱ्यावर भाद्रपदात हवा दमट आणि खारट असते, रुळांवर नि चाकांवर मळ लवकर धरतो, आणि वेगातली गाडी जो डाग सहज ओलांडून जाते, त्याच डागावर संथ गाडी थांबते.

म्हणून प्रथम रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावेत. पॉलिश पेपर मुळीच वापरू नये, कारण त्याच्या बारीक ओरखड्यांत मळ अधिकच बसतो. मग तेच फडके रुळांवर आडवे पसरून इंजिनाची अर्धी चाके त्यावर आणि अर्धी उघड्या रुळांवर ठेवावीत व थ्रॉटल (वेगाचे बटण) हलकेच द्यावे. फडक्यावर दोन काळ्या रेघा उमटतात. त्या उमटायच्या थांबेपर्यंत फडके सरकवत राहावे आणि नंतर इंजिन उलटे फिरवून उरलेली चाके घ्यावीत.

रूळजोडांच्या भरवशावर न राहता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर डाखलेली असावी. लेआउटच्या सर्वांत दूरच्या टोकाला रुळांवर नाणे आडवे ठेवून पाहावे. रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने पुरवठा तत्काळ तोडला नाही, तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. गिअरमधले केस व धूळ काढून सुईच्या टोकाने थेंबभर तेल द्यावे आणि इंजिन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मोकळे चालवावे.

आता आकडे. जुने आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि मगच डीकोडर मूळ स्थितीत आणावा. अनेक कंपन्यांच्या डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्याने ते होते आणि इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याला हाक मारायचा क्रमांक, पुन्हा ३ होतो. सीव्ही २९ मध्ये ६ असेल तर २ करावे: वेगाच्या २८ व १२८ पायऱ्या कायम राहतात आणि ॲनालॉग (साध्या डीसी विजेवरचे) चालन बंद होते, जे मळक्या रुळावर गाडीला भलतेच वागायला लावू शकते. वेग हळूहळू वाढवणारा सीव्ही ३ आणि हळूहळू उतरवणारा सीव्ही ४ तात्पुरते शून्य ठेवावेत, नाहीतर या कृत्रिम मोमेंटममुळे खरी चाल झाकली जाते. १२८ पायऱ्यांच्या पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम सरकू लागेल इतकाच सीव्ही २ (सुरुवातीचा व्होल्टेज) एकेक अंकाने वाढवावा. एवढे करूनही चाल थरथरली, तर बॅक-ईएमएफचे (मोटरचा वेग जाणून चाल सांभाळणाऱ्या सोयीचे) आकडे डीकोडरच्या माहितीपत्रकाप्रमाणे पाहावेत. ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, दुसऱ्याचे उसने घेऊ नयेत.

वेग नजरेने ठरवू नये, मोजावा. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की कोकण रेल्वेवर चालकांना ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेग उतरवण्याची सूचना असते. १:८७ प्रमाणात त्या वेगाने एक मीटर रूळ आठ सेकंदांच्या किंचित आत पार होतो. यार्डातल्या ताशी ५ किलोमीटरला तेवढ्याच अंतरासाठी मिनिटाहून थोडे अधिक लागते, आणि माझ्या मते इंजिनाची खरी परीक्षा तीच. मधला वेग फार वाटल्यास सीव्ही ६ (मधल्या वेगाचा व्होल्टेज) उतरवावा.

शेवटी सीव्ही ३ आणि ४ थोडे-थोडे वाढवावेत आणि पूर्ण रेक (डब्यांची रांग) जोडून, वळणावरून व सांध्यांवरून, दोन्ही दिशांना चाल पुन्हा तपासावी.