फाइल समोर असूनही लिनक्स ‘सापडत नाही’ म्हणतं तेव्हा
प्रोग्रॅमची फाइल दिसतेय, परवानग्याही ठीक, तरी टर्मिनल ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून अडून बसतं. बहुतेकदा सिस्टिम ६४ बिटची, प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो आणि सापडत नसतो तो त्याचा लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल). ‘फाइल’ कमांडला प्रोग्रॅमचं नाव द्या. ‘ईएलएफ ३२-बिट’ (ईएलएफ म्हणजे लिनक्सच्या प्रोग्रॅम-फाइलचा प्रकार) आणि ‘इंटेल’ दिसलं की संशय पक्का. डेबियन किंवा उबुंटूवर सुडोसह (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) ‘डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६’ (आय३८६ म्हणजे ३२ बिट इंटेल) चालवा, मग ‘एपीटी अपडेट’ (हे राहिलं तर पुढचं पॅकेज सापडणारच नाही) आणि ‘एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६’. प्रोग्रॅमने आणखी एखादी लायब्ररी (त्याला लागणाऱ्या तयार कोडची फाइल) मागितली तर तिचीही ‘:आय३८६’ आवृत्ती टाका. तिच्या जागी ६४ बिटची फाइल कॉपी केलीत तर ‘राँग ईएलएफ क्लास’ ऐकावं लागेल. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ मात्र वेगळं दुखणं: प्रोग्रॅम बहुधा एआरएम या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरचा, योग्य डाउनलोड शोधा.