मधुमेहात चालायला लागण्याआधीची तयारी

यादीत सगळ्यात वर पांढरे मोजे. रंगीत नकोत, गडद तर नकोतच. माझ्या मधुमेहाला बरीच वर्षं झाली, आणि व्यायामाच्या नावाखाली घेतलेल्या सगळ्या सामानात मला तीच वस्तू सर्वात कामाची वाटते. एकदा नवे बूट घालून पाऊण तास चालून आले. पायांची काही म्हणजे काही तक्रार नव्हती. मोजा काढला तर अंगठ्याच्या बाजूला नखाएवढा तांबूस डाग. बुटाच्या आतली शिवण वर आली होती आणि तिने कातडी सोलून काढली होती. मोजा काळा असता तर मी तो तसाच धुवायला टाकला असता.

या यादीची गरज नेमकी इथे आहे. मधुमेह जुना झाला की शरीराचे इशारे बुजायला लागतात. फोड आलेला पायाला कळत नाही. काहींना हृदयाचा त्रास सुरू होऊनही छातीत कळ येत नाही. बीपीच्या काही गोळ्यांमुळे शुगर उतरल्याची धडधडही जाणवत नाही. जे आपोआप कळायला हवं ते मुद्दाम तपासावं लागतं.

एवढी उस्तवार कशासाठी, तर रक्तवाहिन्यांसाठी. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या 2 ते 4 पट सांगितला जातो. वाहिनीच्या आत पेशींचा एकच थर असलेलं पातळ अस्तर असतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात आणि त्याने वाहिनीची भिंत सैलावते. रक्तवाहिन्यांतलं या वायूचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 1998 चं नोबेल मिळालं. साखर सतत वाढलेली राहिली की हा वायू कमी पडतो, वाहिन्या ताठर होतात, आत चरबीचे थर धरायला लागतात. झपाझप चालताना रक्ताचा वेग वाढतो, प्रवाह अस्तराला घासत जातो, आणि त्या घासण्यानेच पेशी पुन्हा नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागतात. दुसरीकडे, काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी उतरते, चालून आल्यावर काही तास बीपीही खाली राहतं.

पण हा परिणाम साठवून ठेवता येत नाही. इन्सुलिनला मिळणारी स्नायूंची साथ दिवसभर, फार तर दोन-तीन दिवस टिकते. म्हणून लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असं सांगतात. आठवड्याला सांगितलेली व्यायामाची 150 मिनिटं एकट्या रविवारी उरकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

व्यायामाने सगळं निभावतं असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात टाइप 2 मधुमेहाची 5,145 माणसं होती. निम्म्यांना कसून आहार-व्यायामाला लावलं. वजन उतरलं, दम वाढला, बीपी सुधारलं, पण हृदयविकाराच्या झटक्यांत दोन गटांमध्ये फरक दिसेना, म्हणून 2012 मध्ये तो थांबवला. उलट चीनमधल्या दाछिंगला 1986 मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं घेऊन सहा वर्षं आहार-व्यायाम करवला. तिथे 30 वर्षांनंतर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार 26 टक्क्यांनी कमी आढळले. यातून मी दोन गोष्टी घेतल्या: लवकर सुरुवात करायची, आणि चालते म्हणून कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही.

आता डॉक्टरांकडची फेरी. बरेच दिवस बैठं काम झालं असेल, मधुमेह जुना असेल किंवा साध्या चालण्यापेक्षा जोराचं काही करायचं असेल, तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टची गरज आहे का, हे स्पष्ट विचारा. जाताना आपल्या तक्रारी लिहून न्या. छातीत दुखतंय का, एवढंच विचारलं तर आपण ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. नेहमीच्या जिन्यावर हल्ली जास्त दम लागतो, कारण नसताना थकवा येतो, चालताना जबड्यात किंवा खांद्यात अवघडल्यासारखं होतं, मळमळतं, थंड घाम फुटतो, यातलं काहीही असेल तर सांगा. बसल्या जागी नाडी कायम 100 च्या वर राहत असेल तर तेही सांगा. बीपी एकदा झोपवून आणि एकदा उभं करून मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर हृदयाकडे जाणाऱ्या नसांवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी लागते.

डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर नाजूक नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलल्यास डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. पायाच्या तळव्याला नायलॉनचा एक धागा टेकवून बधिरपणा बघतात, दोन मिनिटांचं काम आहे, तेही करून घ्या. आणि चालताना पोटरीत गोळा येऊन थांबलं की बरं वाटत असेल, तर ते वयावर ढकलू नका. पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. गंमत म्हणजे त्यावरचा एक मुख्य उपाय चालणं हाच आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पण तपासणी आधी.

गोळ्यांचा कागद सोबत न्याच. एकटं मेटफॉर्मिन असेल तर शुगर लो व्हायची भीती फारशी नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर असते, आणि डोस कमी करायचा का, हे डॉक्टरच ठरवतील. चालायला जाण्याआधीचं इन्सुलिन मांडीत न घेता पोटात घ्यावं, कारण हलत्या स्नायूजवळून ते भरभर शोषलं जातं. नावाच्या शेवटी ‘लोल’ असलेली, मेटोप्रोलोलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर शुगर उतरल्यावर थरथर आणि धडधड जाणवणार नाही. घाम तेवढा येईल. याच गोळीमुळे नाडीही फारशी चढत नाही, तेव्हा नाडी जास्तीत जास्त किती चढेल याचं 220 वजा वय हे गणित अशांनी विसरून जावं. त्यापेक्षा बोलून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा, बोटं पसरता येतील एवढी रुंदी. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटंच घाला. रोज पाय घालण्याआधी आत हात फिरवायचा, बारीक खडा असो की वर आलेली शिवण, हाताला ती लागते. मी हे आता दात घासण्याइतक्या सवयीने करते. सपाता घालून चालायला जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या टाचांकडे बघते.

निघण्याआधी अर्धा तास शुगर बघा. इन्सुलिनवर किंवा वर सांगितलेल्या गोळ्यांवर असाल आणि आकडा 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन घ्या. 70 च्या खाली असेल तर चालणं बाजूला, आधी ग्लुकोज. 250 च्या वर असेल आणि अंगात बरं वाटत नसेल किंवा तपासणीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळायला लागली की बनणारे आम्लयुक्त पदार्थ) निघाले, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. विशेषतः टाइप 1 वाल्यांनी ही तपासणी टाळू नये.

खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर, 15 ग्रॅमच्या दोन पुड्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या आतड्यात साखर फुटणं मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजच ठेवावं. घाम, हातपाय गळणं, चिडचिड यातलं काही जाणवलं की थांबून 15 ग्रॅम घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. सोबत फोन, पाणी आणि एका चिठ्ठीवर नाव, मधुमेह असल्याचा उल्लेख, गोळ्यांची नावं, घरच्यांचा नंबर.

सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश. छाती आवळली, दम बसेना किंवा भोवळ आली तर ‘त्या खांबापर्यंत जाऊ’ असं करू नका. तिथेच थांबा, बसा. थांबूनही ओसरलं नाही तर थेट दवाखाना.

सलग अर्धा तास जमत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. न्यूझीलंडमध्ये टाइप 2 च्या लोकांवर हे करून पाहिलं, तेव्हा जेवणानंतरची साखर एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा अशा तुकड्यांनी जास्त उतरली, रात्रीच्या जेवणानंतर तर सर्वात जास्त. आठवड्यातून दोनदा स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम धरा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठ-बस चालेल, फक्त उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. बैठ्या कामात दर अर्ध्या तासाने उठायचं.

परत आल्यावर मोजे उलटे करून उजेडात बघायचे, तळव्याखाली आरसा धरायचा, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. आणि संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं असेल, वर इन्सुलिनही चालू असेल, तर झोपण्याआधी शुगर तपासायची आणखी एक पट्टी खर्च करायची. स्नायू रात्रीही साखर ओढत असतात. ग्लुकोजची दुसरी पुडी उशाशी ठेवायची, आणि ती कुठे आहे हे शेजारी झोपणाऱ्यालाही सांगून ठेवायचं.