वर्गातल्या टॅबलेटमुळे शिकणं वाढलं का, हे कसं मोजाल?

लॉगिन किती झाले, मुलं किती रमली, यावरून वापर कळतो, शिकणं नाही. त्यासाठी चाचणीच हवी, आणि तीही एका नेमक्या घटकावर. ‘गणित सुधारलं का’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची तुलना जमते का’ हे मोजता येतं.

या घटकावर १५ ते २० प्रश्नांच्या अ आणि ब अशा दोन चाचण्या काढा. दोन्ही अगदी सारख्याच अवघड कधीच होत नाहीत. म्हणून अर्ध्या मुलांना आधी अ, नंतर ब द्या आणि उरलेल्यांना उलट.

चाचणी कागदावरच घ्या. ३/४ मोठा की ५/८, असं विचारताना ॲप रंगीत पट्ट्या दाखवतं. लांब पट्टीवर बोट ठेवलं की उत्तर बरोबर. कागदावर पट्ट्या नसतात. तिथे ‘पाच आणि आठ हे मोठे आकडे, म्हणून ५/८ मोठा’ असं समजणारं मूल लगेच लक्षात येतं. उत्तराखाली एका ओळीत कारण लिहायला सांगाच. खरी माहिती त्या ओळीतच मिळते.

तुलनेसाठी टॅबलेट नसलेला दुसरा वर्ग घ्या. शक्यतो शिक्षक तेच, तासिका तेवढ्याच. नाहीतर फरक टॅबलेटचा की शिक्षकाचा, हे सांगता येणार नाही.

आता हिशोब. टॅबलेटचा वर्ग ४० टक्क्यांवरून ६४ वर गेला, दुसरा ४५ वरून ६७ वर. वाढ २४ आणि २२, म्हणजे टॅबलेट सरस वाटतो. पण पहिल्या वर्गाला वाढायला ६० टक्के वाव होता, दुसऱ्याला ५५. वाढीला वावाने भागा: दोन्हीकडे ०.४. फरक नाहीच! अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ साली भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांची तुलना याच गुणोत्तराने केली होती.

सुरुवातीचे काही आठवडे नवलाईचे असतात, त्यामुळे दुसरी चाचणी आठेक आठवड्यांनी घ्या. टिकलं किती, हे पाहायला आणखी महिन्याभराने तिसरी घ्या. तिला प्रश्न नवे हवेत.

फक्त सर्वांत कमी गुणांची मुलं निवडू नका. काहीच केलं नाही तरी पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी थोडी वर येते. एखादी चाचणी बुडवलेल्या मुलांचे गुण सगळ्याच सरासऱ्यांतून वगळा. प्रत्यक्ष वापराची मिनिटं रोज टिपा, कारण चार्जिंग आणि पासवर्डमध्येच अर्धी तासिका गेली असेल, तर तुम्ही न झालेल्या वापराचा परिणाम मोजत बसाल. तीसेक मुलांच्या वर्गात दोन-तीन टक्क्यांचा फरक योगायोगानेही पडतो. पुढच्या घटकाला वर्गांची अदलाबदल करून पुन्हा मोजा.