दुखणं किती, हे विचारायचं कसं?

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करून पहिल्यांदाच फील्डला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. टॅबवरच्या आरोग्य पाहणीत एक प्रश्न हमखास असतो: शून्य ते दहामध्ये दुखणं किती? उत्तर चटकन मिळतं, म्हणूनच त्यावर डोळे झाकून विसंबू नका.

बीडकडच्या एका गावात ऊसतोडीवरून परतलेली एक ताई समोर बसली होती. कंबरेला लुगड्याचं फडकं घट्ट आवळलेलं, उठताना दोन्ही हात जमिनीला टेकलेले. म्हणाली, "तीन लिहा." कामाचा खाडा किती पडला, असं विचारलं तर हसली. "खाडा कुठला पाडता? मुकादम उचलीतून पैसे कापतो की." (उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम.) त्याच प्रश्नाला पुण्यात ऑफिसात बसून काम करणाऱ्यांकडून सात-आठ आरामात येतात. खोटं कुणीच बोलत नाही. ज्याला सुट्टी परवडते, डॉक्टर परवडतो, त्याला दुखणं दुखणं म्हणून मोजायची सवय असते. बाकीचे ते अंगावर काढतात.

अमर्त्य सेन यांनी २००२ साली नेमकं हेच दाखवलं होतं: आयुर्मानात पुढे असलेल्या केरळात लोक आजार जास्त सांगतात, मागे असलेल्या बिहारमध्ये कमी. आपल्या महाराष्ट्रातला पुरावा त्याहून जुना आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ४५ टक्के जणींची काहीच तक्रार नव्हती. प्रत्यक्षात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि अशी तपासणी त्याआधी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. थिसिस लिहायला बसण्याआधी हा पेपर वाचाच.

पण यावरून 'गरिबांना सोसायची सवयच असते' असं लिहून मोकळे होऊ नका. मला या वाक्याची चीड आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये कमी उत्पन्नाचे, कमी शिकलेले लोक तीव्र वेदना जास्त सांगतात. म्हणजे ओझं त्यांच्याकडेच जास्त. ते आकड्यात उतरतं की नाही, हे बरंचसं विचारण्यावर ठरतं.

म्हणून आकडा घ्या, पण सोबत कामाचं विचारा. भरलेला हंडा उचलता येतो का? रात्री कूस बदलताना जाग येते का? गोळी कुणाकडून आणली, मेडिकलमधून की डॉक्टरकडून? अंगावरून जाण्याबद्दल सासूसमोर विचारू नका, उत्तर 'नाही' असंच येणार. गेल्या १५ दिवसांतलं आजारपण विचारणार असाल, तर ते दिवस कापणीचे होते की रिकामे, याचीही नोंद ठेवा. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर वहीत लिहा.

आणि ऊसतोड कामगारांच्या गावी जानेवारीत जाऊ नका. तेव्हा घरी म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरंच भेटतात. ज्यांचं दुखणं मोजायचं, ती माणसं फडात असतात.